गृहभेटीसाठी आवरलेलं घर

मला मान वळवता येते, उजव्या हाताची दोन बोटं हलवता येतात आणि बोलता येतं. बोलता जरा जास्तच येतं, असं माझा मामा म्हणतो. बाकीचं शरीर स्नायूंच्या आजाराने लहानपणापासून हळूहळू काढून घेतलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने मध्येच ‘अरेरे’ करून दोघांचा वेळ घालवू नये.

दर दोन-अडीच तासांनी कोणाला तरी माझी कूस बदलावी लागते, नाहीतर कमरेच्या हाडावर जखम होते. लघवीसाठी भांडं लावावं लागतं, घास भरवावा लागतो, नाकावर बसलेली माशी हाकलावी लागते. छातीवर एक लाकडी फळी ठेवून तिच्यावर मोबाईल टेकवला की मी दोन बोटांनी लिहिते. जिल्ह्यातल्या अपंगांच्या एका छोट्या संघटनेची सगळी पत्रकं मी लिहिते. अर्जात ‘दिव्यांग’ लिहिते, अर्ज परत येऊ नये म्हणून. घरात अपंगच म्हणते. माझ्या अंगात दिव्य काही मला अजून सापडलेलं नाही.

आमचं गाव आंजीच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून आत. घरची भाजी आहे: पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी. भाजीवाल्याच्या घरात घड्याळ भाजीचं चालतं. पहाटे तोडायची, जुड्या बांधायच्या, उजाडायच्या आत बाबांनी ऑटोत घालून वर्ध्याला न्यायची. हर्राशी, म्हणजे लिलाव, एकदा सुटली की उशिरा आलेल्या मालाकडे कोणी पाहत नाही. म्हणून आई साडेचारला माझी कूस बदलून वावरात जाते आणि सात वाजता परत येते. मधले अडीच तास मी एकटी. सातला शेजारची काकू येते. दोघी मिळून चादरीची चार टोकं धरतात आणि मला उचलून न्हाणीत नेतात. पालकाचं गाठोडंही त्या तसंच उचलतात. पालक आधी धुतात, मला उचलल्यावर धुतात, एवढाच काय तो फरक.

हे सगळं चालू होतं तोवर चालू होतं. मग गेल्या वर्षी आईची कंबर गेली. मणक्यात गॅप आहे, वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आई मान डोलावून घरी आली आणि दुसऱ्या दिवशी सातला चादरीची दोन टोकं धरून उभी राहिली. वजन म्हणजे मी, हे डॉक्टरांना तिने सांगितलंच नव्हतं.

मामाला कळलं. तो हिंगणीकडून आला, पाणी प्यायला आणि माझ्या खाटेकडे पाठ करून बसला.

“ताई, कितीक दिवस करशीन? संस्थेत बाया असतात करायले. पोरीचंही भलं होते, तुह्यंही होते.”

“अन् तुमचं?” मी खाटेवरून विचारलं.

“पाय, बोलते कशी! हिले तं आमदार कराले पाह्यजे.”

“करा नं. मतं मागाले खाट घेऊन फिरा माही.”

मामा हसला. मामा वाईट माणूस नाही. संस्था चालवणारेही वाईट नसतात, आणि हेच लोकांना समजावून सांगता सांगता माझा घसा बसतो. चौदाव्या वर्षी मी अकरा महिने एका संस्थेत होते, दुसऱ्या जिल्ह्यात. तिथे कोणी मारलं नाही. जेवण वेळेवर मिळायचं. सणाला पाहुणे यायचे, केळी वाटायचे, आमच्यासोबत फोटो काढायचे. पण एका हॉलमध्ये आम्ही बऱ्याच जणी आणि उचलायला बाया मोजक्या. त्यामुळे भांडं ठरलेल्या वेळीच मिळायचं. संध्याकाळी पाचनंतर पाणी देत नसत, म्हणजे रात्री कोणी भांडं मागणार नाही. केस सगळ्यांचे कानाच्या वर कापलेले, कारण विंचरायला हात नव्हते. मी एकदा म्हटलं, मला आंघोळ उद्या करायची आहे, आज थंडी वाजते. बाई खरंच गोंधळली. ‘उद्या’ असं तिथे कोणी म्हणत नसे. तिचा दोष नव्हता. माणसाला सोयीच्या वेळापत्रकात बसवलं की तो आपोआप सामान होतो, आणि सामान कितीही जपून ठेवलं तरी सामानच.

मामा गेल्यावर मी ठरवलं, अर्ज करायचा. कायद्यात लिहिलेलं आहे की अपंग माणसाला अमुक ठिकाणीच राहा अशी सक्ती करता येत नाही, आणि ज्याला जास्त आधार लागतो त्याला तो मागता येतो. मी मागितला. सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्यांत गावातलीच एक बाई मदतनीस म्हणून हवी, तिचं मानधन सरकारने द्यावं, एवढंच. संस्थेत माझ्यावर जो खर्च झाला असता तो इथे करा, असंही लिहिलं. तीन पानी अर्ज होता. आता वाचते तेव्हा त्यात उद्गारचिन्हं फार आहेत असं वाटतं, पण तेव्हा मला ती कमी वाटली होती.

बरेच महिने काही नाही. मग एका दुपारी अर्ज दिलेल्या सरकारी कार्यालयातून फोन आला: उद्या अकरा वाजता गृहभेटीला मॅडम येतील.

आई दुसऱ्या दिवशी वावरात गेलीच नाही. अंगण सारवलं. फरशीवर फिनेल मारलं. भांडं, रबरी चादर, जखमेचं मलम, कापसाची पिशवी हे सगळं धान्याच्या कोठीमागे गेलं. खाटेवर मोरांची नवी चादर आली. मला दिवाळीचा ड्रेस घातला, वेणी घातली, पावडर लावली. मी ओरडत होते, “आई, नोको करू हे! जसं आहे तसं दिसू दे!” आई माझ्या तोंडावरून पावडरीचा हात फिरवत म्हणाली, “चूप बस. तोंडात जाईन.”

मॅडम आल्या. तरुण होत्या, उन्हाने लाल झालेल्या. आईने पोहे दिले, चहा दिला. मग प्रश्न सुरू झाले.

“दिवसातून किती वेळा उचलावं लागतं हिला?”

“उचलाचं काय त्याच्यात, लेकरू हाये माह्यं.”

“तुम्हाला काही त्रास होतो?”

“काई त्रास नाई आमाले. फुलावानी हाये पोरगी.”

“आई, मणक्याचं सांग,” मी म्हटलं.

“तिच्याकडं लक्ष नोका देऊ मॅडम, वाचू वाचू डोकं गरम झालं तिचं. चहा घ्या, थंडा होऊन राह्यला.”

मॅडम माझ्याकडे वळल्या. “तू सांग बाळ.” मी सव्वीस वर्षांची आहे. पण मी सांगितलं, एकूण एक सांगितलं. जखमेचं, पहाटेच्या अडीच तासांचं, आईच्या कमरेचं. मॅडम ऐकत होत्या आणि बघतही होत्या. फिनेलचा वास, मोरांची चादर, पावडर लावलेली मी. ऐकलेल्यापेक्षा बघितलेलं जड पडलं. निघताना आईने त्यांना हळदीकुंकू लावलं आणि ओटीत वांगी घालायला गेली. नियमात बसत नाही म्हणून मॅडमनी वांगी परत ठेवली. कुंकू लावून घेतलं. अंगणात मामा भेटला, तो मुद्दाम आला होता. त्याने फाटकापर्यंत जाता जाता आईच्या कमरेबद्दल त्यांना सगळं सांगितलं. त्याच्या पद्धतीने.

अहवालाचा फोटो मोबाईलवर आला. तीनच ओळी होत्या. कुटुंबाकडून काळजी उत्तम घेतली जाते. घरी मदतनिसाची आवश्यकता दिसून येत नाही. मातेची प्रकृती पाहता संस्थेत प्रवेशाबाबत विचार व्हावा. म्हणजे घरी राहायला मदत लागत नाही, पण घर सोडायला मी पात्र! मी ते तीनदा वाचलं. मग मामाचा फोन आला की एके ठिकाणी जागा आहे, फॉर्म आणतो.

संध्याकाळी आई सांबाराच्या जुड्या बांधत बसली होती. मी सुरुवात केली.

“काऊन खोटं बोलली तू?”

“म्या काय खोटं सांगतलं?”

“भांडं कोठीमागं काऊन लपवलं?”

“मंग कुठं ठेवू? चहाच्या कपाच्या बाजूले?”

“थे पाहुणी नोती, आई! तपासाले आलती!”

“घरात आली म्हणजे पाहुणीच.”

मी खूप बोलले. पत्रकात लिहिते तसं बोलले. तुझ्या इज्जतीपायी मला तिकडे जावं लागेल, असंही बोलले. आई सुतळी दातांनी तोडत होती. दोन-तीन जुड्या झाल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाली:

“एक डाव म्हटलंतं म्या. माह्यानं होत नाई म्हणून. एकच डाव. पिशवीचं ऑपरेशन झालंतं, टाके ओले होते. अशीच रडू रडू म्हटलं मामापाशी. दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी आणली नं तुले नेलं. परत आणाले अकरा महिने लागले मले. आता कोणी किती बी इचारलं तरी मी थे म्हणणार नाई.”

चौदाव्या वर्षी मला का पाठवलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं असेल असं धरून चालले होते. पत्रकांत मी ‘व्यवस्थेने कुटुंबापासून तोडलं’ असं लिहीत आले, आणि ते खोटं नाही. पण ती व्यवस्था आमच्या घरात माझ्या आईच्या एका रडण्यातून शिरली होती. बाई थकली म्हणते, तर तिला हात द्यायच्या ऐवजी लोक तिचं माणूस उचलून नेतात. मग दुसऱ्यांदा ती बाई खरं कशाला बोलेल? त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा आईवर ओरडणं अर्धवट सोडलं.

अहवालावर हरकत घेतली. यावेळी अर्ज एक पानी केला, उद्गारचिन्हांशिवाय. मागणी एकच: फेरभेट द्यावी, आणि ती सकाळी सातला द्यावी. संघटनेतल्या एका सहकाऱ्याने सुचवलं की आईला सांगूच नको, म्हणजे ती काही लपवणार नाही. युक्ती चांगली होती. पण माणसाला न विचारता त्याचं ठरवायचं, हे तर मी अकरा महिने भोगलं होतं. तारीख कळली त्याच दिवशी मी आईला सांगितलं. काही आवरायचं नाही, हेही सांगितलं. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी मला भरवता भरवता म्हणाली, “कुंकू तरी लावू का तिले?”

“कुंकू लाव.”

“अन् चहा?”

“चहा दे वं, पण आधी मले धू.”

मॅडम खरंच सातला आल्या. बाबा भाजी घेऊन वर्ध्याला गेलेले होते. आई वावरातून नुकती आलेली, पाय चिखलाचे. माझी चादर ओली होती. खोलीत शिरताच मॅडमचा ओढणीचा हात नाकाकडे गेला आणि मध्येच थांबला, हे मी पाहिलं आणि ते मला आवडलं. काकू आली. दोघींनी टोकं धरली. उंबऱ्याशी आई थांबली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. मी चादरीत लोंबत होते, एक बाजू खाली. काकू म्हणाली, “टेकव वं बाई, टेकव.” मला उंबऱ्याच्या अलीकडे फरशीवर टेकवलं. आई भिंतीला धरून उभी राहिली. मॅडमनी लगेच वही उघडली नाही. आधी विचारलं, “मावशी, त्रास होतो ना?”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी खाली फरशीवरून तिच्याकडे पाहत होते. माझ्या तोंडाशी वाक्यं तयार होती, पण ती माझ्या बोलण्याची वेळ नव्हती.

“होत नाई मॅडम माह्यानं,” आई म्हणाली.

मॅडमनी पेन काढलं तशी ती पुढे झाली. “थांबा. एवढंच नोका लिहू. एवढंच लिहिलं का गाडी येते. असं लिहा, माह्यानं होत नाई अन् पोरगी घरातून कुठं जाणार नाई. एकाच ओळीत लिहा. दोन ओळी केल्या तं एक कोणी खोडन.”

मॅडम म्हणाल्या, फॉर्ममध्ये तसा रकाना नाही. आई म्हणाली, मागच्या बाजूला लिहा. मॅडमनी मागच्या बाजूला लिहिलं, वाचून दाखवलं. आईने पुन्हा एकदा वाचायला लावलं आणि मगच सही केली.

मंजुरी आली ती एका वेळची, सकाळची, आणि दरवर्षी नूतनीकरण. गावातलीच एक बाई पहाटे पाचला येते. तिला न बोलता काम करता येत नाही. सुनेच्या तक्रारी ऐकत माझी आंघोळ होते; चादरीची आईकडची टोकं आता ती धरते, दुसरी काकू. पहिला आठवडा आई दारात उभी राहून तिला हात कुठे घालायचा ते सांगत होती. दुसऱ्या आठवड्यात बाईने तिला वावरात पिटाळलं. मामाने आणलेला फॉर्म मी फाडून टाकायला सांगितला. आईने तो मागची बाजू कोरी आहे म्हणून ठेवलाय.

संध्याकाळच्या पाळीसाठी नवा अर्ज मी लिहायला घेतला तेव्हा आई वांगी निवडत होती. तिने विचारलं, मॅडमना किती वाजता बोलावणार. मी म्हटलं, पाच वाजता.

“पाचले नोको,” आई म्हणाली. “पाचले तू चांगली राह्यतं. साडेसातले बलाव. तवा तुही पाठ दुखते, बाबा वावरातून चिडून आलेले राह्यतात, अन् माह्या हाताले पीठ राह्यते. तवा पाह्य म्हणा.”

मी अर्जात वेळ बदलली.