दगडाच्या कुत्र्याच्या कानात

लढाई चालू हुती तवाची गोष्ट. ज्वारी कंट्रोलमधी गेली हुती, मोजून मिळायची. अख्खी भाकरी गड्यांच्या ताटात, बायांना कोर, आन् पोटात जागा उरली तर तितं पानी. अशात मी सासरी आले ती कुत्रं घिऊन. मी आनलं न्हाई वो, ते आपलं आपुन आलं. लगीन लागल्यावर माहेरचं कुत्रं जे गाडीमागं निघालं, ते दगडं मारली तरी माघारी फिरंना. मी माप वलांडायच्या आधी ते घरात शिरलं. लोकं म्हनली, “सून मागनं, पाव्हना पुढं!”

त्या गावात मला वळखनारं ते एकलंच हुतं. पानवठ्यावर जायाचं, सरपनाला जायाचं, संगं ते. त्येला कुनी घालत न्हवतं. मी माझ्यातलंच तोडून घालायची, आन् ते आत्याबाईंनी, म्हंजी माझ्या सासूनं, बघितलं हुतं.

आत्याबाई वाईट न्हवत्या. पर कानानं लई मंद. आपुन कुजबुजतोय आसं त्यास्नी वाटायचं, आन् ऐकू जायाचं वेशीपतुर.

एक दिस म्हनाल्या, “उद्या बाजाराला जायाचं. तुझं कुत्रं संगं घे. तितं खानावळीमागं उष्टं-खरकटं लई पडतं. जगंल तितं. हितं न्हाई जगायचं, आन् तूबी न्हाई.”

मी “व्हय” म्हनले. सुनंजवळ तवा दुसरा शबुद न्हवता.

बाजाराच्या गावात नवा दगडाचा कुत्रा बसवला हुता, तो बघायचा म्हनून जाऊबाईनं कवापास्नं टुमनं लावलं हुतं. एका धनगराचा म्हनं तो कुत्रा. धनी माळावर तापानं गेला, तर हे मढ्यापाशी बसून ऱ्हायलं. लांडग्याला एकाबी मेंढराजवळ येऊ दिलं न्हाई. मानसं पोचली तवा मेंढरं समदी जिती, आन् कुत्रं भुकंनं खपलेलं. मग गावानं वर्गनी काढून पार बांधला आन् वर त्येला बसवला.

सकाळी निघालो. आत्याबाई पुढं, आमी दोघी जावा मागं, आन् आमच्या मागं ते. त्येला काय ठावं कुठं चाललोय! शेपूट नुसतं गरागरा फिरत हुतं. मला रडू यायला पायजे हुतं. पर खरं सांगू का, घराबाहीर पडले न् गड्याची नजर न्हाई, डोक्यावर हंडा न्हाई, तर पाय जिमिनीवर ठरंनात. जाऊबाई आत्याबाईच्या चालीची नक्कल करत पाठीमागनं डुलत चालायच्या, आन् मी तोंडात पदर कोंबायची. हसायला काय झालंय आसं इचारलं आसतं तर सांगता आलं नसतं.

पारापाशी पोचलो न् बघतो तर काय, दगडाचा नंदी!

जाऊबाई म्हनाल्या, “कुत्रा कुठंय?”

पाथरवटानं बिचाऱ्यानं उभ्या जल्मात नंदीच घडवले हुते. हात तिकडंच वळला आसंल. कुत्र्याला वशिंड, गळ्याखाली बैलाची लोंबती पोळी, बसनं बी बैलावानी पाय मुडपून. कुत्र्यासारकी फकस्त जीभ, बाहीर काढलेली. जाऊबाई म्हनाल्या, “आगं, हा भुकंल का हंबरंल?” झालं! मी खालीच बसले. पोट दुखाया लागलं, आन् ते उपाशी पोट.

बायांची रांग लागली हुती. खंडोबाचंच कुत्रं म्हनून जी ती भंडारा वाहत हुती, खोबरं ठिवत हुती. आन् नंदी दिसतोय म्हनून त्येच्या कानात आपलं मागनं बी सांगत हुती. आत्याबाईंची पाळी आली. त्या वाकल्या, कानाला हात लावला, आन् कुजबुजल्या. आख्ख्या बाजारानं ऐकलं.

“देवा, सुनंचं कुत्रं हितं टाकून चाललेय! घरात खायाला न्हाई! राग धरू नको!”

 मग मागची एक जाडजूड बाई कमरंवर हात ठिऊन म्हनली, “ए म्हातारे, जागा बरी घावली गं तुला! इमानाच्या पायाशी इमान टाकतीस व्हय?”

समद्या खदाखदा हसल्या. आत्याबाई आमच्याकडं वळल्या. “काय म्हनती गं ती?”

जाऊबाई सांगाया गेल्या, पर हसून हसून त्येंच्या तोंडातनं नुसती हवा निघत हुती. आत्याबाई खवळल्या. “हासता काय, टवळ्यांनो! सांगा की!”

मग मीच त्येंच्या कानाशी गेले आन् वराडले, “ती म्हनती, इमानाच्या पायाशी इमान टाकू नका!” आन् तोंड उघडलंच हुतं, तर त्याच दमात आनिक वराडले, “मी बी तेच म्हनते, आत्याबाई! मी माझ्या कोरीतली कोर घालीन, पर ऱ्हाऊ द्या त्येला!”

एवढं मोठ्यांदा मी जल्मात बोलले न्हवते. माझंच मला इतकं नवल वाटलं की पुन्यांदा हसू फुटलं, आन् डोळ्यातनं पानी.

आत्याबाई पाराकडं वळल्या. खाली बघितलं तर आमचं कुत्रं पाराच्या पायरीवर ऐसपैस बसून देवाचं खोबरं खातंय, आन् बायांनी त्येच्याबी कपाळाला भंडारा फासलेला. पिवळंधमक! जाडी बाई तर त्येच्या पाया पडत हुती.

आत्याबाई म्हनाल्या, “आता आली का पंचाईत! देवाचं झालं की हे. टाकावं तरी कसं?” आन् मला म्हनाल्या, “कोरीतली कोर म्हनं! काटकी झालीयेस वाळून. तुझ्या कोरीला हात लावायचा न्हाई. माझी घालीन. मला दात तरी कुठं हायेत!”

दात हुते. समदे हुते. हुलगं कडाकडा फोडायच्या त्या.

वाटंनं घरी येताना जाऊबाई मधीच थांबून हंबरायच्या, मी भुकायची. आत्याबाईस्नी काय ऐकू येत न्हवतं. त्या पुढं, आन् कुत्रं त्येंच्या टाचंला लागून.

त्या सालात आमी लई उपास काढले. आत्याबाईंनी शबुद पाळला. त्येंच्या ताटातनं त्येला तुकडा पडल्याबिगर त्या उठल्या न्हाईत. आन् कुत्रंबी त्येंच्याच खाटंखाली निजाया लागलं. मी हाक मारली तर यायचं, न्हाई आसं न्हाई, पर आधी त्येंच्या तोंडाकडं बघायचं, जाऊ का म्हनून.