आईचं पुसलेलं नाव

सिक्युरिटी क्लिअरन्स नाकारल्याचं पत्र दोन ओळींचं होतं आणि सही करणाऱ्याचं पदनाम तीन ओळींचं. कारण असं की मी आईची ओळख लपवली. नकार कायम राहिला तर लंडनमधली सरकारी नोकरी जाणार होती, म्हणून मी अपील केलं.

फॉर्मवर मी आईचं सासरचं नाव लिहिलं होतं. तिला आधी दुसरं नाव होतं का, या प्रश्नापुढे ‘नाही’. पण माझा जन्म आजोळचा. दवाखान्यात नोंद आजोबांनी केली आणि त्यांनी लेकीचं स्वतः ठेवलेलं नाव सांगितलं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं की जुनं संपतं, हे त्यांना मान्य नसावं. त्यामुळे जन्मदाखल्यात एक बाई, फॉर्मवर दुसरी, आणि तपासणाऱ्यांच्या लेखी पहिली बेपत्ता.

साताऱ्याला आईला फोन केला. दोन्ही नावं तुझीच, असं प्रतिज्ञापत्र करून पाठव, म्हटलं. आईनं उलट विचारलं.

“इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही रे तिच्याबद्दल. तिथल्या साहेबांना कशाला हवीय ती?”

कागद आला. खाली जुन्या नावाची सही, शाळकरी मुलीच्या गोल अक्षरात. तो टेबलावर ठेवून मी दुसऱ्या खोलीत गेलो, तरी बाहेर कुणीतरी बोलावण्याची वाट पाहत बसलंय असं वाटत राहिलं.

सुनावणीला राजाच्या फोटोखाली तिघं बसले होते. फोटोतल्या राजाचा चेहरा त्यांच्यापेक्षा मोकळा होता. माझी बाजू मांडणाऱ्या युनियनच्या बाईंनी आधीच सांगितलं होतं, ते नाव ठाऊकच नव्हतं म्हटलं तर प्रकरण तिथेच मिटेल. अध्यक्षांनी नेमकं तेच विचारलं, नाव ठाऊक होतं का.

मला आजोबांचा शेवटचा दिवस आठवला. त्यांनी त्या नावानं हाक मारली होती आणि आईनं लगेच ‘ओ’ दिली होती. मी दारात उभा होतो.

“ठाऊक होतं,” मी म्हणालो.

“मग लिहिलं का नाही?”

“आमच्याकडे ते नाव नंतर कुणी धरत नाही.”

त्यांनी ते लिहून घेतलं. महिन्याभरात अपील फेटाळलं गेलं. पत्रात आईची दोन्ही नावं शेजारीशेजारी, बिनचूक होती.

“तिच्यामुळे गेली ना नोकरी?” आईनं फोनवर विचारलं.

नाही, माझ्यामुळे, म्हटलं. तिला ते पटलं नसावं. मागे कुकरची शिट्टी झाली, तरी ती उठली नाही.