रक्त आलं नाही म्हणून

आजोबा ओट्यावरून डोक्यावर पडले, त्या दिवशी आमचं घर बदललं.

रक्त आलं नाही, म्हणून हळद लावली, चहा पाजला, विषय संपला. महिन्याभरात ते माणसं विसरायला लागले. सगळे म्हणाले, वय झालं.

आज ताईला बघायला पाहुणे आले. वडील म्हणाले, "म्हाताऱ्याला मागच्या खोलीत घाल, कडी लाव."

मी म्हणालो, "अण्णा, त्यांना डोक्याला मार लागलाय. नगरला नेऊन स्कॅन करू."

"पोरीपायी कॉलेज सोडलं तू. लई मोठा डॉक्टर व्हय?"

व्हय, सोडलं. ती फोन उचलत नाही, तरी तिचा नंबर मला पाठ आहे. आजोबांना माझं नावसुद्धा आठवत नाही, त्याचं कुणालाच काही नाही!

आता नगरच्या दवाखान्याच्या रांगेतून विचारतोय: तुमच्याकडे म्हातारं माणूस पडलं तर तुम्हीपण रक्ताचीच वाट बघता का?

सकाळी कडी लावायच्या ऐवजी मी आजोबांचा हात धरला, पाहुण्यांसमोरून त्यांना बाहेर आणलं आणि दार धाडकन ओढून घेतलं.