फायलींची शेपटं

शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत ज्यांचा स्टुडिओ होता, त्यांना सगळे फोटोकाकू म्हणत. फोटो काढणं काकूंना बेताचंच जमे. त्यांचा हात बसला होता तो रंगांवर. ट्यूबलाइटखाली काढलेला माणूस हिरवट, आजारी दिसू लागला, की त्या कॉम्प्युटरवर त्या फोटोला आपली एक रंगांची फाइल लावत आणि माणूस खडखडीत बरा होई. अशा फायली त्यांनी स्वतः बनवल्या होत्या: भर उन्हासाठी एक, ढगाळ दिवसासाठी एक, हॉलमधल्या दिव्यांसाठी आणखी काही.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर काका निवृत्त झाले.

काकांचा जन्म कचेरीतली कपाटं लावण्यात गेला होता. घरी बसल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातले डबे लावले. मीठ सापडेना, म्हणून काकूंनी त्यांना स्टुडिओत आणून बसवलं. आगीतून फुफाट्यात.

त्या सकाळी एका लग्नाचे फोटो द्यायचे होते. नवरीची आत्या समोर ठाण मांडून बसली होती. काकूंनी फोटो उघडला, रंगांची फाइल घ्यायला गेल्या, तर फोल्डर रिकामं. प्रोग्राम बंद करून उघडला. तेच. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. तेच. मदतीच्या नंबरवर फोन लावला.

"बंद करून सुरू करून बघा," पलीकडचा गृहस्थ म्हणाला.

"केलं."

"पुन्हा एकदा केलंत का?"

पडद्यावर नवरी अजून हिरवीच होती.

"आमची मुलगी अशी नाही हो," आत्या म्हणाली. "रागावली की होते. पण त्या दिवशी खुशीत होती."

काकूंनी प्रोग्राम काढून नव्याने घातला. फोल्डर ठणठणीत कोरडं.

"काय शोधतेस?" काकांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"माझ्या रंगांच्या फायली."

"तिथेच आहेत. कालच नीट लावल्या मी. प्रत्येकीच्या नावामागे टिंब आणि तोच एक शब्द. सगळ्यांना एकच आडनाव कशाला? खोडून टाकलं."

"अहो, त्या शेपटावरूनच प्रोग्राम त्यांना ओळखतो."

"कमाल आहे. नावावरून नाही ओळखत?"

शेपटं परत जोडल्यावर फायली दिसू लागल्या खऱ्या, पण काकांनी नावंही बदलली होती. 'भर ऊन', 'पिवळे दिवे' जाऊन 'विषय एक', 'विषय दोन' अशी रांग लागली होती.

"ही कुठल्या क्रमाने लावलीत?"

काका विचारात पडले. "लावताना माहीत होतं."

मग एकेक फाइल लावून बघणं आलं. पहिलीने नवरी जांभळी झाली. दुसरीने तिला कावीळ झाली. आत्याने डोळे मिटून घेतले. काका हळूच खुर्ची मागे सरकवत दाराशी पोचले होते, पण काकूंनी नुसतं पाहिलं आणि ते परत बसले. बऱ्याच खटपटीनंतर एका फाइलने नवरी माणसात आली. गालांवर लाली, कपाळ नितळ.

आत्याने पडदा बराच वेळ निरखला. "हं. ही आमची. आता बाकीचे राहू द्या. नवऱ्याकडचे हिरवेच बरे."

काकूंनी तरी सगळ्यांना सारखाच रंग दिला.

फायलींच्या प्रती त्यांनी खाली शिंप्याकडे ठेवायला दिल्या. दुसऱ्या दिवसापासून फक्त गिऱ्हाइकांना कॅमेऱ्यापुढे बसवायचं काम काकांकडे दिलं. त्यांच्यासमोर लोक आपोआप ताठ बसत, हनुवटी वर करत. हल्ली फोटोच मुळात चांगले येतात, असं गिऱ्हाइकं म्हणू लागली.

काकूंना ते पटत नसे. पण काका ऐकत असले, की त्या गप्प राहत.