काळ्या स्क्रीनवरचा पासवर्ड आणि शेजारच्या काकू

मंडळी, सुट्टी संपवून साताऱ्याला कामावर आलो आणि लॅपटॉप कुंडलला घरीच राहिला. एक फाइल तातडीने हवी होती. आबांना, म्हणजे माझ्या रिटायर्ड फौजी वडिलांना, फोन लावला आणि लॅपटॉप उघडून काळ्या स्क्रीनवर पासवर्ड टाकायला सांगितलं.

"आरं, दाबतोय तरी कायच उमटंना!"

"आबा, पासवर्ड मुद्दामच दिसत नाही. कुणाला कळू नये म्हणून."

पण आबांचा विश्वास बसेना. मी सांगेन ते प्रत्येक अक्षर त्यांनी परेडच्या आवाजात ओरडून दाबलं. तरी चुकलं.

मी पुन्हा सांगणार, तोवर भिंतीपलीकडून शेजारच्या काकू म्हणाल्या, "थांबा भावजी, मी सांगते!"

त्यांनी सांगितलेला पहिल्या झटक्यात लागला.

संध्याकाळी मी साताऱ्याहूनच ऑनलाइन पासवर्ड बदलला. लगेच आबांचा फोन. "नवा काय ठेवलास रं? वैनी इचारत्यात."

आता तुम्हीच सांगा, पुढचा काकूंनाच विचारून ठेवू का?