वसंताने लिहून न दिलेली ओळ

वसंता गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलोच होतो. आदल्याच दिवशी वाशीमहून एसटीने रिसोडला जाऊन तासभर त्याच्याशी डोकं फोडून आलो होतो. हृदयविकाराचा झटका, दुकानातच. महिना होऊन गेला... चीड अजून उतरलेली नाही, फक्त ती आता कोणावर काढायची ते कळत नाही.

माझा हा शाळासोबती स्क्रीन प्रिंटिंग करायचा. लग्नपत्रिका, कृषी केंद्राच्या पिशव्या, असलं सगळं. लग्नसराई संपली की उरलेले रंग घेऊन स्वतःसाठी काहीबाही छापत बसे. त्यातलंच हे अमूर्त चित्र: काळ्या मातीच्या रंगाचे चार पट्टे आणि त्यांना छेदून जाणारी एक तिरपी हळदी रेघ. लोक विचारत, शेताचा नकाशा आहे का? तो बिनदिक्कत हो म्हणायचा. चौकटीला ताणलेल्या जाळीतून रबरी पट्टीने एक रंग ओढायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. सात प्रती निघाल्या आणि लगेच जाळीवरचा साचा धुऊन त्याने तिच्यावर कोणाची तरी पत्रिका चढवली. सहा प्रती वाटून टाकल्या. एकीचं पुढे शाळेच्या वहीला कव्हर झालं, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

सातवी माझ्या भिंतीवर होती. पुण्याचे एक संग्राहक घरी आले होते, ती पाहून खुर्चीतून उठलेच. प्रती मोजक्या, जाळी धुतलेली, आणि हळदी रेघ प्रत्येक प्रतीत केसभर सरकलेली, म्हणजे एकीसारखी दुसरी नाही. असं चित्र दुर्मीळच, ते म्हणाले. मी हे वसंताला कौतुकाने सांगितलं, तर म्हणतो, "माह्या हाताची चूक त्याइले आवडली म्हनता?"

संग्राहकांना दोनच गोष्टी हव्या होत्या. कोपऱ्यात पेन्सिलने सही आणि हे चित्र पुन्हा छापणार नाही, असं एका ओळीत लिहून. मग ते वसंताच्या नावानिशी पुण्याच्या प्रदर्शनात लागणार होतं. सही त्याने हसत केली. ओळीवर मात्र गाडी अडली. तीन महिने मी खेपा घातल्या. त्या शेवटच्या दिवशी तर आवाजच चढवला. जिल्ह्याबाहेर तुझं नाव कधी जाणार, म्हटलं. मी चित्रकलेचा शिक्षक, म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. जाळी ताणता ताणता, मान वर न करता म्हणाला, "मास्तर, मी जित्ता हाओ अजून. त्या रेघीच्या बाजूले आखीन एक रंग पाह्यजे, मले आता दिसून राह्यला. संपलं म्हनून कसं लिहून देऊ?"

मी उठून आलो. चहाही घेतला नाही.

परवा संग्राहकांचा फोन आला. खूप हळहळले. मग म्हणाले, आता पुन्हा छापण्याचा प्रश्नच उरला नाही, त्यांना ओळखणाऱ्या कोणीही ती ओळ लिहून दिली तरी चालेल. माणूस वाईट नाही, पण फोन आपटावासा वाटला. वसंताच्या बायकोला सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "तुमीच द्या लिहून, भाऊजी. नाव तरी राहीन त्याइचं."

चित्र भिंतीवरून उतरवून टेबलावर घेतलं आहे. हळदी रेघेच्या बाजूला बोटभर जागा कोरी आहे... इतकी वर्षं रोज पाहत होतो, कधी लक्षात आली नव्हती. शेजारीच कागद ठेवून मी लिहिलं: वसंता हे चित्र पुन्हा छापणार नाही. याच वाक्यासाठी मी तीन महिने त्याच्या मागे लागलो होतो.