आईची विमानभीती घालवण्याचा प्रयोग

मी विमान चालवतो. आदिलाबादेत, मागच्या खोलीत, लुंगीवर. (विमान कॉम्प्युटरमधलं असलं म्हणून काय झालं? रुबाब पायलटचाच असतो!) पोटापाण्यासाठी शाळेत गणित शिकवतो, ते वेगळं.

माझी बहीण शोभा फौजी नवऱ्याबरोबर गुवाहाटीला राहते. तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलं. नवऱ्याला रजा नाही, म्हणून रोज फोनवर रडायची. आईने जायलाच हवं होतं, पण रेल्वेचा एवढा प्रवास तिच्या कमरेला झेपणारा नव्हता. मी नागपूरहून विमानाचं तिकीट काढलं, तर आईने पदर खोचून जाहीर केलं, "मी इमानात बसणार नाई. ते पडते!"

"काऊन पडंल? थांब, तुले उडवूनच दाखवतो," मी म्हणालो.

तिला ज्या विमानाने जायचं होतं, अगदी तसलंच विमान मी इंटरनेटवरून उतरवून घेतलं. मूळ खेळाला वरून जोडायच्या अशा गोष्टीला ॲड-ऑन म्हणतात. शिवाय विमान वळवायचा दांडा, म्हणजे जॉयस्टिक, तीही नवी कोरी आणली. रविवारी आईला खुर्चीत बसवलं, शेजारी माझी बायको सुनंदा. नागपूरची धावपट्टी, इंजिनांचा घूंऽऽ आवाज, मी दांडा ओढला, विमान उठलं... डावीकडे कलंडलं आणि थेट कुणाच्या तरी वावरात!

"झालं दर्शन," सुनंदा म्हणाली.

"ॲड-ऑन बिघडलेलं हाय!" मी ओरडलो.

ते काढून परत टाकलं. डावीकडे. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. डावीकडे! खेळातला वारा बंद केला, ढग पुसले, प्रवासीसुद्धा उतरवून टाकले. डावीकडेच! शेवटी बनवणाऱ्यांना खरमरीत इंग्रजी मेल धाडली : तुमच्या विमानाचा डावा पंख जड आहे, गणिताचा शिक्षक म्हणून सांगतो. (शिक्षकाला चूक कायम दुसऱ्याच्याच वहीत दिसते!) त्यांनी नम्रपणे माझ्या टेबलाचा फोटो मागवला. मी ऐटीत पाठवला. उत्तर आलं, "दांड्याला डाव्या बाजूने टांगलेलं ते पिवळं फळ कशासाठी आहे?"

आता यांना काय सांगायचं! आमच्या घरात नवं यंत्र आलं की दृष्ट लागू नये म्हणून त्याला लिंबू-मिरची बांधतात. ट्रॅक्टरला आहे, मोटरपंपाला आहे, फ्रिजलाही आहे. इतकी लिंबं लोंबतात की आम्हाला ती दिसेनाशीच झाली आहेत.

"कोनं बांधलं हे?" मी कडाडलो.

"तुमीच!" सुनंदा म्हणाली. "अन वर नमस्कारही केला होता!"

लिंबू कापून काढलं. आईला पुन्हा बसवलं. विमान सरळ उठलं, पट्टीने रेघ मारावी तसं सरळ उडालं. मी कॉलर ताठ केली. आणि उतरवताना ते सरळ तलावात घातलं!

"आता कोनाचं लिंबू?" सुनंदाने विचारलं.

मला हसू येईना. माझ्या हौसेपायी शोभा एकटी पडणार, या विचाराने जीव तुटला.

"आई, खरं इमान असं नाई पडत," मी काकुळतीने म्हणालो.

"मले काऊन शिकवून राह्यला? मी चहा घेऊन आली का रोज तुह्यं इमान पडेलच दिसते!"

म्हणजे तिच्या मनात ही भीती घालणारा इसम मीच होतो!

आईने जरा विचार केला. "अन ते गुवाहाटीचं कोन चालवणार?"

"शिकलेला पायलट, आई."

"तू नाई?"

"मी कसा चालवीन!"

"मंग पहिलेच सांगाचं ना, बावा!" आई ताडकन उठली. "सुनंदा, माही पिशवी भर."

गुवाहाटीला उतरल्या उतरल्या तिचा फोन आला. "पोचली रे. शोभी बरी हाय. इमान असं अलगद उतरवलं का पोटातलं पानी नाई हाललं. त्या डायवरचा नंबर घेऊन ठेवू काय, तुले शिकवणी लावाले?"